फेटलेली कॉफी आणि मामांची माळ

आमच्या सासरी ताक घुसळतात, वरण घोटतात, पिठलं हाटतात आणि भज्यांचं पीठ कालवतात. फेटत मात्र काहीच नाहीत. आमच्या भागात फेटायची वस्तू म्हणजे एकच, अंडं, आणि ते उंबऱ्याच्या आत आणायचं नाही हे माझं लग्न ठरलं त्या बैठकीतच सांगून झालं होतं. "आमच्यात माळ हाय," एवढंच माझे सासरे म्हणाले. माझ्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं. आमचं घर अंबाजोगाईचं. रविवारी मटण, आणि मधल्या वारी भाजीचा कंटाळा आला की अंड्याची पोळी. मी मान हलवली. मुलगा आवडला होता, त्यापुढे अंड्याचं काय घेऊन बसायचं!

माळ म्हणजे गळ्यातली तुळशीची माळ. ती एकदा घातली की मांस, मासे, अंडी, दारू सगळं बंद, आणि ती गळ्यात नसेल तर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. दोघांच्याही गळ्यात माळ. मामांची गंमत अशी की त्यांनी उभा जन्म मेंढरं राखली, पाटोद्यापासून पार गोदाकाठापर्यंत कळप चालवत नेला, आणि एकाही मेंढराचा रस्सा चाखला नाही. माझ्या नवऱ्याच्या गळ्यात माळ नाही, पण तोही घरात पाळतो. मी माहेरी गेले की सगळं खाते. हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. परत आले की आत्याबाई मला आधी आंघोळीला पाठवतात आणि विचारत काही नाहीत. सतरा वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली आहे.

आज मामा पुन्हा शेळ्यांमागे माळावर हिंडतात, मी शाळेतून आले की फाटकाशी उभे असतात आणि "लौकर आलीस की" म्हणतात, म्हणून हे सगळं मला निवांतपणे लिहिता येतंय. मागच्या हिवाळ्यात लिहायला बसले असते तर काय लिहिलं असतं, देव जाणे.

मागच्या दिवाळीनंतर मामांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. अंबाजोगाईला नेलं, कारण तिथे माझं माहेर आणि डबा पोचवायला माझी बहीण. ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला आणि आत्याबाईंना समोर बसवलं. पोरगी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, आजोबांचं वजन फार उतरलंय, अंगात ताकद आली नाही तर जखम भरणार नाही, आणि नाही भरली तर परत टेबलावर घ्यावं लागेल. या वयात ते दुसऱ्यांदा झेपेलच असं मी सांगू शकत नाही. दूध द्या, डाळी द्या आणि रोज दोन अंडी द्या.

आत्याबाई ताठ झाल्या.

"डाक्टर, जीव गेला तरी चालंल. अंडं न्हाई जायचं ह्यांच्या पोटात."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघते मी." हे दोन शब्द मी उगाच बोलले. मामा तिथेच खाटेवर होते, डोळे मिटून. झोपलेत असं आम्हाला वाटलं.

घरी आल्यावर मामांनी भिंतीकडे तोंड केलं. हे मी अलंकारिक सांगत नाही, ओसरीवर त्यांची खाट होती आणि ते खरोखर भिंतीकडे तोंड करून पडायचे. भाकरी पुढे केली की दोन घास, मुगाचं वरण दिलं की एक घोट. दुधाचा तर त्यांना वासच सहन होईना. ज्या माणसानं आयुष्यभर धारोष्ण दूध प्यायलं, तो पेला नाकाशी आला की मान फिरवायचा. "वास यायलाय," म्हणायचा. आमच्याच म्हशीचं दूध, आमच्याच चुलीवर तापवलेलं. मी वेलदोडा घालून पाहिला, हळद घालून पाहिली, खारीक घालून पाहिली. वास काही जाईना. नवरा माजलगावकडे साखर कारखान्यावर, हंगाम ऐन भरात, सुट्टी मिळाली तर पंधरवड्यातून एकदा. लेक शिकायला बाहेरगावी. घरात आम्ही तिघंच. जखमेची पट्टी बदलायला नर्स यायची आणि रोज तेच सांगायची, ओली आहे, अजून ओली आहे.

आत्याबाई माझ्याशी बोलायच्या नाहीत तेव्हा तुळशीशी बोलायच्या. एका सकाळी पाणी घालता घालता त्यांना म्हणताना ऐकलं, "ह्यांनी हात सोडले गं बाई. ह्यांना ऱ्हायचंच न्हाई." ते ऐकून मी घाबरले. आणि खरं सांगते, रागही आला. हॉस्पिटलात जीव गेला तरी चालेल म्हणणारी हीच बाई, आता तुळशीपुढे रडतेय. मी भांडी जरा जोरातच घासली त्या दिवशी. रागावले की मी बोलत नाही, भांडी बोलतात.

कॉफीचं सुचलं ते माझं डोकं नाही, माझी डोकेदुखी. रविवार होता. कपाळ ठणकत होतं आणि चहाचा कंटाळा आला होता. टाळेबंदीच्या दिवसांत सगळ्या मोबाइलवर ती एक फेटलेली कॉफी फिरत होती, तेव्हा मी आणि माझी बहीण फोनवर पैज लावून ती करायचो. म्हटलं, आज करू. वाटीत कॉफीची पुडी फोडली, दोन चमचे साखर, चमचाभर गरम पाणी, आणि स्वयंपाकघराच्या दारात बसून चमच्यानं फेटायला लागले. आधी ते काळं पाणी असतं आणि आपण काय वेडेपणा करतोय असं वाटतं. पाच मिनिटांनी तपकिरी होतं. मग दाटायला लागतं, चमचा जड व्हायला लागतो, आणि दहा-बारा मिनिटांनी वाटी उलटी केली तरी न पडणारा पिवळट, मऊ फेस तयार होतो. दंडातून कळ येते, पण ती कळ मला आवडते. राग असला तर लवकर फेटून होतं, हा माझा अनुभव. त्यावर उकळतं दूध उंचावरून ओतलं आणि पेल्यावर बोटभर फेस आला.

ओसरीवरून आवाज आला, "काफी हाय का? लग्नातली?"

मी बघितलं तर मामांचं तोंड माझ्याकडे होतं.

आमच्याकडे लग्नात कॉफीचं मशीन आणतात. मांडवाच्या कोपऱ्यात उभं करतात, वाफेचा फुस्स आवाज करतं, आणि कागदी कपात फेसाळ कॉफी देऊन वरून चिमूटभर चॉकलेटची पूड भुरभुरवतात. मामा त्या मशीनचे जुने भक्त. अक्षता पडायच्या आधी एक कप, जेवणाआधी एक, आणि निघताना "गाडीला येळ हाय" म्हणून आणखी एक. नवरी कोण, नवरदेव कोण, त्यांना आठवत नाही. कुठल्या लग्नात काफी कशी होती ते आठवतं.

मी माझा पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला. मान फिरवली नाही. आधी वरचा फेस ओठांनी ओढला, मग खालचं दूध, सगळं, तळापर्यंत. मिशीला लागलेला फेस बोटानं पुसून ते बोटही चाटलं. "मशीन आणलंस व्हय?" त्यांनी विचारलं. मी हात वर करून दाखवला, हेच मशीन. मग मागच्या अंगणात गेले आणि न्हाणीच्या आडोशाला उभी राहून रडले. पावशेर दूध त्यांच्या पोटात गेलं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा.

मग ते रोजचंच झालं. सकाळी शाळेला जायच्या आधी एक पेला, आल्यावर एक. दूध मी आटवून घट्ट करायची. मामा उठून बसायला लागले, कॉफीबरोबर बिस्किट, मग बिस्किटाबरोबर भाकरी. पंधरा दिवसांनी त्यांना रिक्षात घालून गावातल्या आडतीवर नेलं आणि ज्वारीच्या पोत्यांच्या काट्यावर बसवलं. दोन किलो वाढले होते. नर्स म्हणाली, जखमेच्या कडा धरतायत. आत्याबाई कॉफीला "ते काळं" म्हणायच्या आणि स्वतः तोंड लावायच्या नाहीत, पण माझा फेटायचा वेळ झाला की गुपचूप चूल मोकळी करून द्यायच्या.

आणि मग मी माझ्या तोंडानं घाण केली.

झालं असं. एका संध्याकाळी मी फेटत बसलेली, बहिणीचा फोन आला. माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकून खिडकीत ठेवला. तिला कॉफी करायची होती आणि तिचा फेस येत नव्हता. ती विचारत होती, किती वेळ हलवू, कसं हलवू. मी वैतागले. मास्तरणीला एकच गोष्ट तीनदा सांगायला लागली की तिचा आवाज चढतो. ओरडून म्हणाले, "अगं, अंडं फेटतेस ना, तसं फेट! अंडं! पांढरं होईस्तोवर! मी रोज करते, मामांना दोन टायमाला देते, बघ कसे टुणटुणीत झालेत!"

मामांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्यानं निम्मं येतं. खिडकीच्या पलीकडे त्यांची खाट. त्यांच्या उजव्या कानात काय पोचलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा. मला तो पाच-सहा दिवस कळला नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी कॉफी घेतली. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा घेतली, तिसऱ्या दिवशीही. मला काही वेगळं जाणवलं नाही. जरा हळू पीत होते, एवढंच. चौथ्या दिवशी सकाळी पेला पुढे केला तर म्हणाले, "नगं."

"कावून?" मी पण त्यांच्याच भाषेत का म्हणून विचारलं, लाडानं.

"वास यायलाय."

आणि भिंतीकडे वळले. मी पेला हातात घेऊन उभी. त्याच वेळी आत्याबाई आंघोळीचं पाणी काढायला आल्या आणि त्यांची नजर मामांच्या गळ्याकडे गेली. गळा मोकळा होता. जिथे पन्नास वर्षं माळ होती तिथे कातडीवर पांढुरकी रेघ होती.

"माळ कुटं हाय?"

"तुटली."

"आन हिकडं, ववून देते."

"ऱ्हाऊ दे. बघू मागून."

आत्याबाई मटकन खाली बसल्या. माळ तुटली तर नवी दोरी होईपर्यंत हा माणूस पाणी पीत नसे. एकदा बाजारच्या दिवशी माळ तुटली तर भर उन्हातून उपाशी चालत घरी आलेलं मी बघितलं होतं. आणि आता "बघू मागून" म्हणत, मोकळ्या गळ्यानं, शेजारच्या तांब्यातलं पाणी पीत होते. आत्याबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही केलंय. शाळेची वेळ झाली होती, मी गेले, आणि दिवसभर चौथीच्या पोरांना भागाकाराच्या जागी गुणाकार शिकवला.

घरी आले तर दुपारचं ताटही तसंच. दुसऱ्या दिवशीही तेच. पट्टी बदलताना नर्सनं ओठ मुडपले. एक कोपरा परत ओला झाला होता. अंबाजोगाईला तपासणीला न्यायला सहा दिवस उरले होते. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य माझ्या डोक्यात घुमायला लागलं, दुसऱ्यांदा झेपेलच असं नाही. हातात आलेला माणूस परत निसटायला लागला होता आणि का, ते कुणी सांगत नव्हतं.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी धुणं काढलं. मामांच्या बंडीचे खिसे मी चाचपून बघते, कारण त्यांत तंबाखू सोडून काहीही सापडतं, बाभळीच्या शेंगासुद्धा. बोटांना मणी लागले. माळ निघाली. अख्खी. दोरी शाबूत, गाठ शाबूत, एक मणी कमी नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, आम्ही इथे जीव टाकतोय आणि हे खोटं बोलतायत! ओल्या हातानं माळ घेऊन तशीच ओसरीवर गेले.

"मामा, ही तुटलेली नाहीये."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे. "तुजी सासू कुटं हाय?"

"परसात."

"दार लोट."

मी लोटलं. ते कोपरावर टेकून जरा उठले. मला वाटलं, आता रागावणार. पण त्यांचा आवाज फार मऊ होता.

"तुज्यावर माजा राग न्हाई माय. डाक्टरनीनं सांगलं, तू 'बघते' म्हणलीस. मी जागाच हुतो. माज्या जिवासाठी केलंस, दुसऱ्या कशासाठी केलं? कुनाला सांगनार न्हाई मी. तुज्या सासूला तर न्हाईच न्हाई, ती तुला घरात ऱ्हाऊ द्यायची न्हाई. पर मला माळ घालायचा हक न्हाई ऱ्हायला आता."

"मी काय केलं?"

"अंडं," ते म्हणाले. इतक्या हळू म्हणाले, जसं काही भिंतींनाही कळायला नको.

तो फोन, ती खिडकी, ते माझं ओरडणं सगळं एकदम लख्ख समोर आलं. मी कपाळावर हात मारला. हसू की रडू अशी माझी गत. पण खरं लिहायचं तर पहिल्यांदा आला तो संतापच. सतरा वर्षं मी या घरात अंड्याचं टरफल आणलं नाही, आणि ह्यांना वाटलं की मी फसवून पाजलं!

"मामा, त्यात अंडं नव्हतं! कॉफी, साखर आणि पाणी! बाकी काहीही नाही!"

"आसं कसं? आसला फेस आपोआप येतो व्हय?"

"येतो. थांबा, तुमच्यासमोर करते. उठून बसा."

धडाधड सामान आणलं. पुडी त्यांनाच फोडायला लावली, साखरेचा डबा त्यांना हुंगायला दिला, पाणी त्यांच्याच तांब्यातलं तापवलं. माझा आवाज एव्हाना एवढा चढला होता की आत्याबाई परसातून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चमच्यानं बारा मिनिटं कोण फेटत बसणार, मला तर आत्ताच्या आत्ता सिद्ध करायचं होतं. म्हणून खुंटीवरची ताकाची रवी ओढली आणि दोन तळव्यांत धरून गरागरा फिरवायला लागले.

काळं पाणी. पाच मिनिटं झाली, काळं पाणी. दहा मिनिटं झाली, गढूळ काळं पाणी. वर चार बुडबुडे यायचे आणि फुटायचे. माझ्या कपाळावरून घाम गळत होता. मामा वाटीत बघत होते, मग माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत जी कीव होती ती मला आजही आठवते.

"जाऊ दे माय," ते म्हणाले. "नगं करूस."

रोज येणारा फेस आजच का येईना? दारातून आत्याबाई बोलल्या, तोंडावर काहीही भाव न आणता. "रवीला लोनी हाय. सकाळीच ताक केलंय. धू की ती."

मी रवीवरून बोट फिरवलं. ओशट. तेलकटपणा लागला की फेस धरत नाही, एवढी साधी गोष्ट. म्हणून तर मी रोज कोरडी वाटी आणि चमचा घेते. रागाच्या भरात मी लोण्यानं माखलेली रवी कॉफीत घातली होती. चुलीतली राख घेतली, रवी घासली, उकळत्या पाण्यानं धुतली, वाटी बदलली, नवी पुडी काढली. या वेळी रवी मी मामांच्या हातात दिली. "तुम्ही करा," म्हटलं. "माझ्या हातावर विश्वास नसेल तर तुमचा हात."

"हात पुरायचा न्हाई."

"थकलात की मी धरीन."

त्यांचे हात काडीसारखे झाले होते, पण रवी फिरवायची सवय जात नाही. थोडं त्यांनी फिरवलं, थोडं मी, परत त्यांनी. काळं गेलं, तपकिरी आलं. मग रवी जड व्हायला लागली आणि मामांनी भुवया वर केल्या. वाटीत फेस चढत होता, पिवळट, मऊ, वाटीच्या काठापर्यंत. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, पुन्हा बुडवलं. वाटी उलटी केली. पडला नाही.

"म्हंजे अंडं गेलंच न्हाई पोटात?"

"नाही मामा. एकदाही नाही."

मी जमिनीवर बसले, पाय पसरून, सुनेनं सासऱ्यासमोर बसू नये तशी. एवढं हलकं मला ऑपरेशन झाल्यावरही वाटलं नव्हतं. चला, मिटलं, असं वाटलं. माळ माझ्या ओटीत होती, ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी घेतली नाही.

"थांब," म्हणाले. "अंडं नव्हतं त्ये झालं. पर नव्हतं त्ये मला ठाऊक नव्हतं. तू फोनवर बोलत हुतीस त्या दिशी मी ऐकलं. मला वाटलं अंडंच हाय. आन तरी बी पेलो. त्या सांजंला पेलो, दुसऱ्या दिशी पेलो, तिसऱ्या दिशी बी पेलो. अंडं समजून पेलो मी. अंगात जरा दम यायलता, पायात जोर यायलता, वाटलं माळावर जाऊन यावं एकदा. सोडवंना. मग लाज वाटली आन माळ काढली."

मला गणित येतं, भाषा येते, कॉफी येते. हे नाही येत. मी दाराकडे बघितलं, कारण आत्याबाईंचं काय होईल याची मला भीती वाटली.

आत्याबाई पुढे आल्या. पदरानं हात पुसले, खाटेच्या कडेला बसल्या. मी त्यांना मामांच्या खाटेवर असं दिवसाढवळ्या बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"काय म्हणलाव? परत म्हणा."

"पेलो म्हणलं. अंडं हाय समजून."

"तीन दिस?"

"व्हय."

"सोडवंना म्हणून?"

मामांनी मान हलवली. मला वाटलं, आता आत्याबाई कडाडणार. पण त्यांनी तोंडावर पदर धरला आणि हुंदका दिला, एकच, मोठा, आणि पदराआडून त्यांचे शब्द आले. "मला वाटलं तुमाला जायचंय. रोज भित्तीकडं तोंड. मला वाटलं मला टाकून निगालाव."

"न्हाई गं," मामा म्हणाले.

आत्याबाईंनी डोळे पुसले. माझ्याकडे हात केला. मी माळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कपाळाला लावली, दोरी बोटांनी सारखी केली.

"पाप आसंल तर निम्मं माज्या नावावर," त्या म्हणाल्या. "वाकवा मान."

मामांनी मान वाकवली.